रिकामी असेल तरच

आमच्या कॉलनीच्या सभागृहाची नोंदवही बंद करून ती मोबाईलवर न्यावी, ही कल्पना माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण कॉलनीतल्या बेचाळीस घरांनी मला ते इतक्या वेळा ऐकवलं आहे की लपवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

सभागृह म्हणजे वर पत्रे, चार पंखे, दोन मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, एक कढई आणि मागच्या बाजूला गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला मोकळी जागा. दिसायला काही नाही. पण लग्नसराईत खामगावात एखादा हॉल मिळवून दाखवा, मग आमच्या पत्र्यांची किंमत कळेल. बारसं, जावळ, साखरपुडा, तेरवी, सगळं तिथेच. आणि त्याची वही बावीस वर्षं शेषरावांकडे, म्हणजे आमच्या शेषकाकांकडे. काका एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. वय शहात्तर. तारीख घ्यायची असेल तर त्यांच्या घरी जायचं, मनकर्णाकाकूंचा चहा घ्यायचा, काका हात धुऊन चष्मा लावेपर्यंत थांबायचं, मग त्यांनी तुमच्या घरातल्या प्रत्येकाची तब्येत विचारायची, आणि शेवटी वही उघडायची. एका नोंदीला पंचेचाळीस मिनिटं लागत. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतो आहे. माझी मुलगी पूनम पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी माडीवर बसून करते. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, तुम्ही असा एखादा प्रोग्राम लिहिलाय का कधी, जो कोणी खरंच वापरतं?"

माझा हात पिठल्यातच राहिला. संजीवनी, म्हणजे आमची सौभाग्यवती, खाली मान घालून हसली. पूनम हसली असती तर चाललं असतं, पण बायको खाली मान घालून हसली की माणसाला काहीतरी करून दाखवावंच लागतं.

मी कॉलनीच्या सभेत विषय मांडला. सगळी माहिती क्लाउडवर राहील, ज्याने त्याने आपल्या फोनवरून तारीख घ्यावी, असं समजावलं. क्लाउड म्हणजे काय, हा प्रश्न आलाच. मी म्हणालो, ढग समजा.

"सर, आपल्या इकडे ढग येते कुठी?" समोरच्या घरातल्या बेबीताई म्हणाल्या. "मागच्या साली दोन आले, तेही मेहकराकडे निंघून गेले. त्याच्या भरवशावर नातवाचं जावळ ठेवू काय मी?"

तरी ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक अध्यक्ष भगवानराव. वही कायमची बंद करून लाल कपड्यात बांधली, शाल-नारळासह शेषकाकांच्या हातात दिली, टाळ्या वाजल्या. काकांनी वही छातीशी धरली आणि म्हणाले, "बरं झालं बाप्पा, डोळे थकले होते." त्यांचा चेहरा मात्र डोळे थकलेल्या माणसाचा नव्हता. ते मला तेव्हा दिसलं, पण मी टाळ्यांच्या नादात होतो.

पाडव्याला नवीन वर्षाच्या तारखा खुल्या करायच्या होत्या. त्याआधी महिनाभर चाचणी म्हणून जुन्या वर्षाच्या उरलेल्या तारखा दिल्या. बेबीताईंनी एक रविवार नातवाच्या जावळासाठी घेतला. दोन दिवसांनी भगवानरावांनी तोच रविवार वार्षिक सभेसाठी लिहिला. माझ्या प्रोग्रामने बेबीताईंना पुसलं आणि भगवानरावांना लिहून ठेवलं, आणि दोघांनाही अभिनंदनाचा निरोप पाठवला. शेवटी जो लिहील तो राहील, असाच तो कारभार होता. मी काही वेगळं सांगितलंच नव्हतं.

त्या रविवारी एका बाजूला मामाच्या मांडीवर बेबीताईंचा नातू आणि हातात वस्तरा घेतलेला न्हावी, दुसऱ्या बाजूला भगवानराव आणि इतिवृत्ताची वही. कोणी उठायला तयार नाही. अध्यक्ष विषय वाचत होते आणि पोरगं अर्ध्या डोक्यानिशी किंचाळत होतं. त्या वर्षीचे सगळे ठराव विनाचर्चा मंजूर झाले, कारण चर्चा कोणाला ऐकूच येत नव्हती. मी कडुलिंबाखाली उभा राहून ओळख नसल्यासारखं दाखवत होतो.

पूनमने त्या दिवशी मला समोर बसवलं. "बाबा, अट घातलीत का?"

"कसली अट?"

"तारीख रिकामी असेल तरच लिही, अशी. तुम्ही वापरता त्या तयार कोडच्या लायब्ररीत ती सोय आहे."

मी म्हणालो, त्यात काय, आधी तारीख बघीन, रिकामी दिसली की लिहीन.

"तसं नाही चालत. तुम्ही बघून लिहायला जाता, तेवढ्यात दुसरा लिहून मोकळा होतो. बघणं नि लिहिणं एकाच दमात झालं पाहिजे, तेही तिकडे क्लाउडमध्ये. तुमच्या फोनवर नाही."

हे मला पुस्तकी भाषेत कळलं नाही, पण बुलढाण्याच्या एसटीच्या भाषेत लगेच कळलं. खिडकीतून सीट रिकामी दिसते. आपण वळसा घालून दारातून आत शिरेपर्यंत तिथे एक मावशी दोन पिशव्या घेऊन बसलेली असते. म्हणून शहाणा माणूस खिडकीतूनच रुमाल टाकतो. पूनम म्हणत होती ती अट म्हणजे असा रुमाल, की जो सीट रिकामी असेल तरच पडेल, नाहीतर उलटा आपल्या हातात येईल. मी ही उपमा दुसऱ्या दिवशी वर्गात वापरली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या बाकावरच्या मुलांनी वर पाहिलं.

मग मला अटींचा नादच लागला. तारीख रिकामी असेल तरच लिही. ज्याने लिहिलं तोच पुसत असेल तरच पूस. आणि सभेत मी छातीवर हात ठेवून सांगितलं, की या प्रोग्रामला मागचं दार नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. भगवानरावांनी हे वाक्य इतिवृत्तात घेतलं. माझं इतिवृत्तात गेलेलं हे पहिलंच वाक्य.

पाडव्याला उद्घाटन झालं. काकांचा मान राहावा म्हणून फोन त्यांच्या हातात देऊन मी म्हणालो, "काका, पहिली नोंद तुमच्या हातची." ते म्हणाले, "इथी घाईत नाई, घरी निवांत करतो." मला ते योग्यच वाटलं. बाकीच्यांनी सोमवारपासून तारखा घ्याव्यात, असं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी, बुलढाण्याहून कुलदीपच्या वडिलांचा फोन आला. कुलदीप म्हणजे आमचा होणारा जावई. साखरपुड्याला सव्वीस एप्रिल हीच तारीख धरायची होती. कुलदीपचा मोठा भाऊ फौजेत, त्याची सुट्टी तीस तारखेला संपणार, आणि पुढे अधिक महिना. पूनमचा हट्ट आधीपासून एकच होता, की साखरपुडा कॉलनीच्याच सभागृहात. ती तिथेच सांडगे वाळत घालणाऱ्या बायकांच्या मधून रांगली आहे. मी फोनवर ऐटीत सांगितलं, "हॉलची चिंताच करू नका, ते आपल्याच हातात आहे."

सोमवारी सकाळी मी सव्वीस एप्रिलवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, ही तारीख रिकामी नाही. घेणारे: श्री.

सत्तावीस बघितली. श्री. मे बघितला, श्री. दिवाळी, श्री. आषाढातली अमावस्या, जिच्या वाटेला कुत्रंही जात नाही, तीसुद्धा श्री. आठ वाजेपर्यंत दारात पाच माणसं जमली.

"सर, हे श्री कोन होय?" बेबीताई म्हणाल्या. "सारं साल त्यानंच घेऊन टाकलं. मोठ्या घरचा दिसते."

सोमवारच्या आधी लिहायची मुभा एकालाच होती, त्यामुळे उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मी तडक शेषकाकांकडे गेलो. ते ओसरीवर उजव्या हाताचं बोट कोमट पाण्यात बुडवून बसले होते.

"या मास्तर," ते म्हणाले. "झालं बाप्पा एकदाचं. तीन दिवस लागले. तीनशे पासष्ट पानं. बोट ठनकून राह्यलं, पन एकही पान कोरं नाई ठेवलं."

"काका, मी एक नोंद म्हटलं होतं."

"एका पानावर लिहून बाकीचे तसेच ठेवाचे काय? बावीस वर्सं पाडव्याले आंघोळ करून हरेक पानावर लाल शाईनं श्री लिहिला म्या. त्याच्याशिवाय पान वापराले काहाडलंच नाई कधी. तुमचा ढग झाला म्हनून काय झालं, पान ते पानच न?"

माझी अट आपलं काम चोख करत होती. तारखेत काहीतरी लिहिलेलं आहे, म्हणजे ती रिकामी नाही. बेबीताईंचं जावळ की देवाचं नाव, हे तिला काय ठाऊक.

"काका, तुम्ही लिहिलंत, ते तुम्हीच पुसू शकता. पुसून टाका."

त्यांनी बोट पाण्यातून बाहेर काढलं. "देवाचं नाव म्या पुसू? माह्या हातानं? तीनशे पासष्ट खेपा?"

मी विनवलं, समजावलं, रुमालाची उपमा दिली. ते मान हलवत राहिले. आणि मग माझी जीभ सुटली. मी म्हणालो, "वही गेल्याचा राग आहे तुम्हाला. म्हणून मुद्दाम केलंत हे."

मनकर्णाकाकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. काकांनी बोट पुन्हा पाण्यात घातलं आणि हळूच म्हणाले, "जा मास्तर, कालेजले उशीर होईन." मी चहा न घेता परत आलो. त्या घरातून चहा न घेता परत आलेला मी पहिलाच माणूस असेन, आणि मला त्याची लाज वाटत होती, पण तेव्हा ती मी रागात गुंडाळून ठेवली.

बुधवारी तातडीची सभा झाली. एकाने सुचवलं, इंग्रजी तारखा सोडून तिथीप्रमाणे नवीन वर्ष तयार करावं. दुसऱ्याने सुचवलं, श्रींना विनंती अर्ज करावा. भगवानरावांनी शेवटी कायदेशीर मार्ग काढला आणि ठराव वाचला: 'ज्या तारखेस श्री असे लिहिलेले असेल, ती तारीख रिकामी आहे असे समजण्यात यावे.'

"सूचक कोण?" त्यांनी विचारलं.

कोणीच हात वर करेना. देव म्हणजे काहीच नाही, हे इतिवृत्तात आपल्या नावावर कोण घेणार? भगवानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी संजीवनीकडे पाहिलं. तिने डोळे असे वटारले की मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. काका कोपऱ्यात बसून होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ठराव सूचकाअभावी बारगळला.

घरी आल्यावर संजीवनीने बजावलं, "पूनमच्या कार्याच्या आधी देवाचं नाव पुसान, तर मी त्या हॉलात पाय ठेवणार नाई. सांगून ठेवते."

सव्वीस एप्रिलला बत्तीस दिवस उरले होते. गावातले बाकीचे हॉल मी गुपचूप फोन करून विचारले होते. सगळे गेलेले. कुलदीपचे वडील रोज फोन करून विचारत, की हॉलला पार्किंग किती आहे. मी रोज सांगत होतो, भरपूर.

रात्रीचं जेवण झाल्यावर पूनमने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बाबा, श्री पुसायचा कशाला? अट बदला. तारीख रिकामी असेल तरच, असं नका म्हणू. तारखेत फक्त श्रीच असेल तरच, असं म्हणा. नि श्री तसाच वर ठेवून खाली नाव लिहा."

जे आधी आहे ते नेमकं ओळखायचं, आणि ते आहे तसंच असेल तर पुढे लिहायचं. शेषकाका बावीस वर्षं वहीत हेच करत होते, वर श्री, खाली नाव. मी मात्र आपण काही नवीन आणलं म्हणून शाल वाटत फिरलो होतो.

आठ ओळी होत्या. मला दोन दिवस लागले. रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्या तारखा एकदम खुल्या होतील, असा निरोप मी बेचाळीस घरांना पाठवला. काकांनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

"तुम्ही आपली तारीख आधीच लिहून टाका न," संजीवनी म्हणाली. "प्रोग्राम तुमचाच आहे."

"मागचं दार नाही," मी म्हणालो. "इतिवृत्तात आहे."

तिने इतिवृत्ताविषयी जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

रविवारी पावणेअकरालाच मी फोन घेऊन बसलो. अकराला बोट दाबलं. फोनच्या पडद्यावर चाक फिरू लागलं. आमच्या बैठकीत रेंज नसते, हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे, पण तत्त्वनिष्ठ माणसाला ऐनवेळी अशा गोष्टी आठवत नाहीत. अंगणात धावलो. चाक थांबलं. ही तारीख घेतलेली आहे. घेणारे: शेषराव.

मी दोनदा वाचलं. माझ्या पोरीची तारीख. सगळं वर्ष पडलेलं असताना त्यांनी नेमकी हीच घेतली. पायात एक माझी आणि एक संजीवनीची चप्पल घालून मी निघालो. वाटेत बेबीताईंनी हाक मारली, भगवानराव "अहो भागवत सर, ऐका तर" म्हणत फाटकापर्यंत आले. मी कोणाचंच ऐकलं नाही. अपमान झालेला माणूस सरळ रेषेत चालतो.

काका ओसरीवर मांडीवर फोन घेऊन बसले होते. मी पायरीवरूनच सुरुवात केली. सव्वीस वर्षांची नोकरी, कॉलनीची सेवा, वयाचा मान, पोरीचा साखरपुडा, सगळं बोललो. वाक्यं चांगली जुळली होती. दम लागला म्हणून थांबलो.

"झालं?" काका म्हणाले. "घेनाराचं नाव पाह्यलं तुमी. कारन पाह्यलं काय?"

यादीत फक्त घेणाऱ्याचं नाव दिसतं. कारण बघायला तारीख उघडावी लागते. ही रचनाही माझीच. काकांनी फोन माझ्यासमोर धरला.

श्री, असं वर होतं. खाली शेषराव. त्याखाली कारण: 'चि. सौ. कां. पूनम हिचा साखरपुडा. दोन्ही गंज, कढई, झारे तीन. रोडगे मागच्या बाजूला.'

"नऊ वाजल्यापासून टाइप करून राह्यलो होतो," काका म्हणाले. "अकरा वाजले न बटन दाबलं. तुमच्या बैठकीत रेंज नसते मास्तर. साऱ्या कॉलनीले मालूम हाय ते. म्हनलं, हे बसतीन तत्त्व घेऊन, न पोरीची तारीख जाईन."

मी पायरीवर बसलो. एवढ्यात पूनम लॅपटॉप उघडाच धरून धावत आली, मागे संजीवनी, मागे बेबीताई आणि भगवानराव. ज्या नोंदी अट मोडल्यामुळे परत फिरतात, त्यांचीही एक यादी तयार होते. ती मीच ठेवली होती, चोर पकडायला. सव्वीस एप्रिलसाठी त्या पहिल्या मिनिटात बारा जणांनी बोट दाबलं होतं. एक काकांचं लागलं, अकरा परत फिरले होते. पूनमने ते अकरा माझ्यासमोर धरले.

बेबीताई. कारण: पूनमचा साखरपुडा. भगवानराव. कारण: भागवत सरांच्या मुलीचा कार्यक्रम. कोपऱ्यावरच्या तानाबाई, ज्यांच्याशी आमचं नाल्यावरून दोन वर्षं बोलणं नाही. कारण: पूनम. संजीवनी. कारण: तुमच्यावर भरोसा नाही म्हणून. एक ना दोन, अकराच्या अकरा आमच्याच पूनमसाठी. अकरावा मी होतो.

मला रडू आलं. माणसाने असं ओसरीवर, चार लोकांत, दोन वेगळ्या चपला घालून रडू नये, पण आलं. कॉलनी माझी तारीख पळवणार म्हणून मी अटी घालत बसलो होतो, आणि कॉलनी ती तारीख माझ्यासाठी धरायला एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"काका," मी म्हणालो, "परवा मी जे बोललो..."

"चहा घ्या आधी," काका म्हणाले. "मागच्या खेपीचाही राह्यला."

मनकर्णाकाकूंनी दोन कप आणले आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवले. मी दोन्ही प्यायलो.

सव्वीस तारखेला साखरपुडा झाला. तारीख काकांच्या नावावर, आणि ज्याने लिहिलं तोच बदलू शकतो. ते म्हणाले, राहू द्या, बदलायचं काही कारण नाही. त्यामुळे कागदोपत्री त्या दिवसाचे यजमान शेषराव होते आणि ते दारात तसेच उभे होते, तीच शाल अंगावर घेऊन, बुलढाण्याच्या प्रत्येक पाहुण्याला घरातल्या सगळ्यांची तब्येत विचारत. कुलदीपच्या फौजी भावाला आत यायला पाऊण तास लागला. रोडगे मात्र असे झाले होते की कोणीच पार्किंगचा विषय काढला नाही.

संध्याकाळी गंज घासून ठेवताना पूनम जवळ आली. हातातली अंगठी सारखी फिरवत होती. "बाबा, पुढच्या वर्षीच्या सगळ्या तारखांवर श्री आपोआप टाकता येईल. एका ओळीचं काम आहे. लिहून देऊ का?"

काका समोर बाकावर बसले होते. कोणाला तरी उजव्या हाताचं बोट वर करून दाखवत होते आणि तीनशे पासष्ट पानांची गोष्ट सांगत होते.

"नको," मी म्हणालो. "ते काकांना तीन दिवस लागतात."